गाडीभाडं

(अलाबामा, १९७९चा मार्च. निवृत्त कृष्णवर्णीय वकील लेम्युएल पेटवे याच्या घराची ओसरी. थोरली बहीण ओडेसा, एके काळची शाळेची हेडबाई, पालेभाजी निवडते आहे.)

ओडेसा : त्या टॅकेटच्या पोराला उत्तर धाडलंस का, एवढंच विचारतेय. नाताळाच्या आधी आलंय त्याचं पत्र.

लेम्युएल : बसतो गं लिहायला. बसलो की पत्राचा लेख होतो. गुलामगिरी येते, चौदावी घटनादुरुस्ती येते, गेल्या उन्हाळ्यातला सुप्रीम कोर्टाचा निकाल येतो. पोरगा कुठेच येत नाही. मग फाडतो.

ओडेसा : निकाल विचारलाय का त्यानं?

लेम्युएल : नाही. लॉ कॉलेजनं काळ्या मुलांना चार मार्क कमी असले तरी घ्यावं, असं मी पेपरात लिहिलं होतं ना, ते वाचून लिहिलंय. तो गोरा. खाणकामगाराचा मुलगा. त्याला प्रवेश नाकारला, आणि घेतलेल्या आपल्यातल्या काहींपेक्षा त्याचे मार्क जास्त. पण पत्रात एक शिवी नाही. सरळ विचारतो, साहेब, मी कुणाचं काय केलं? बाप म्हणतो, काळ्यांनी तुझी जागा खाल्ली. तुमचं उत्तर आलं नाही, तर बापाचंच खरं धरीन.

ओडेसा : म्हणजे तू गेला हिवाळाभर त्याच्या बापाची बाजू मांडतोयस.

लेम्युएल : टोमणे नकोत, ओडेसा.

ओडेसा : बरं, नाही मारत. मला पोरगा समज आणि सांग. मी कुणाचं काय केलं?

लेम्युएल : काहीच नाही.

ओडेसा : मग शिक्षा कशाची?

लेम्युएल : शिक्षा नाही ती. कॉलेजातली जागा म्हणजे झाल्या परीक्षेचं बक्षीस नव्हे. राज्य आपल्या खर्चानं वकील घडवतं, ते पुढच्या कामासाठी. इथं असे जिल्हे आहेत, जिथं कोर्टात काळा माणूस दिसतो तो फक्त आरोपी म्हणून. सुप्रीम कोर्टानंही एवढंच म्हटलंय, जागा मोजून बाजूला ठेवू नका. पण माणूस पारखताना त्याचा वंश ही एक गोष्ट बघायला हरकत नाही.

ओडेसा : आणि कायद्यापुढे सगळे सारखे, ते कुठं गेलं? रंग बघू नका, असं तुम्हीच ओरडत होतात की.

लेम्युएल : ज्यांनी ते चौदाव्या दुरुस्तीचं कलम लिहिलं, त्यांनीच नुकत्याच सुटलेल्या गुलामांच्या शाळांना सरकारी पैसा दिला. सारखेपणा म्हणजे डोळे मिटून घेणं, असं त्यांना वाटलं नव्हतं. दाबायला रंग बघणं वेगळं आणि दाबलेल्याला हात द्यायला बघणं वेगळं. मला हे पटतं. पण त्या पोराला कोणत्या तोंडानं सांगू? किंमत तो भरतोय. मी नाही.

ओडेसा : तिकडे खाणवाल्यांचे खटले कोण लढवतं रे?

लेम्युएल : कंपनीकडे तिचे वकील असतात. कामगारांसाठी बर्मिंगहॅमहून मिळाला तर कुणी मिळतो. नाही तर... अरे.

ओडेसा : काय झालं?

लेम्युएल : पुढच्या कामासाठी माणूस पारखायचा म्हटलं, तर हा खाणकामगाराचा पोरही बसतो त्यात. माझ्याच युक्तिवादात बसतो. त्याला मात्र नुसत्या मार्कांनी मोजलं. आणि जुन्या विद्यार्थ्यांची पोरं बापाच्या नावावर आत जातात, त्यांना कुणी मोजतच नाही.

ओडेसा : मग हेच लिही.

लेम्युएल : इतक्या उशिरा? त्याला वाटेल, म्हाताऱ्याला मन खातंय. आणि मी म्हणतो ते बरोबरच आहे, याचीही खात्री कुठंय मला.

ओडेसा : दुसऱ्या महायुद्धावरून आल्यावर तू त्याच कॉलेजला पत्र लिहिलं होतंस, लेम. वाचून दाखवलं होतंस मला.

लेम्युएल : हो. मार्क आहेत, जन्म याच राज्यातला, लढूनही आलो. माझं काय चुकलं, असं विचारलं होतं.

ओडेसा : काय उत्तर आलं?

लेम्युएल : उत्तर कुठलं. पैशांची मंजुरी आली. शिकागोला जाऊन शीक, फी आणि गाडीभाडं राज्य देईल. आपली पोरं गोऱ्यांच्या शेजारी बसू नयेत म्हणून देत असत तेव्हा.

ओडेसा : आईनं त्या दिवशी केक केला. तू तोंड लावलं नाहीस.

लेम्युएल : चांगले पैसे होते. पण गाडीत सारखं वाटत होतं, कुणीतरी नुसती एक ओळ लिहायची. तुझं काही चुकलं नाही, आम्हीच घेत नाही. एवढं लिहिलं असतं तरी...

ओडेसा : बोल ना.

लेम्युएल : ते पॅड दे इकडे. आणि मी लिहून होईपर्यंत बोलू नकोस.

ओडेसा : झालं? वाच बघू.

लेम्युएल : 'प्रिय ग्लेन, तुझं काहीही चुकलं नाही. तुझी जागा कुणी खाल्ली नाही. तिच्यावर कुणाचंच नाव नव्हतं, फक्त फार वर्षं ती गोऱ्यांचीच धरली जात होती. ते मोडायची किंमत तुझ्यासारख्याला पडते, हे खरं आहे. तरीही ते मोडणं योग्य आहे, असं मला वाटतं. तुला पटलंच पाहिजे असं नाही. पुन्हा अर्ज कर. अर्जात खाणीबद्दल लिही, विचारलं नाही तरी लिही. भांडायचं असेल तर रविवारी ये, मी घरीच असतो.'

ओडेसा : जेवायला ये, असं लिही.

लेम्युएल : आपल्याकडे? जेवायला? त्याचा बाप काय म्हणेल?

ओडेसा : ते त्या पोराला ठरवू दे. तू लिही.

लेम्युएल : लिहिलं. फाटकावरच्या पेटीत टाकून येतो.

ओडेसा : आलास तो परत कुठं निघालास?

लेम्युएल : 'योग्य आहे'च्या आधी 'बहुधा' घालायला हवं होतं.

ओडेसा : पत्र पेटीत ठेवलंस, पोस्टमननं ते न्यावं म्हणून पेटीची झेंडी वर केलीस. बस आता.

लेम्युएल : त्याची गाडी अजून वळणावर आहे. होईल तेवढ्यात.

ओडेसा : लेम. बस.

लेम्युएल : थांबला फाटकाशी. काढलं पत्र. झेंडी खाली केली त्यानं.

ओडेसा : मग, राहिलंच का तुझं 'बहुधा'?

लेम्युएल : राहिलं. नसलेलंच बरं.