वहिनी तळ्यावर जातात

...आणि वर पुन्हा म्हणतो काय, तर "तळं कुठं पळून जातंय?" आता यावर माणसानं काय बोलायचं, तुम्हीच सांगा! नाही पळत, कबूल. तळं आहे ते, मांजर नाही. पण म्हणून बायकोनं ते बघायचंच नाही? पोटची लेक लग्नाच्या वयाची झाली तरी? माझ्या सख्ख्या थोरल्या भावाची गोष्ट आहे, म्हणून जरा दबकत सांगतोय. दबकत म्हणजे काय, तो इथं नाहीये तोवर!

तर आमचा दादा वाटाड्या. प्रवाशांना डोंगरावर न्यायचं, तळं दाखवायचं, अंधार पडायच्या आत सगळी मुंडकी मोजून खाली आणायची. शेपटाला मी, मागं राहिलेल्यांना ढकलायला. आणि खाली आमचं लॉज. लॉज म्हणजे, तुम्हाला सांगतो, राहतं घरच! वरच्या मजल्यावर खोल्या काढल्या, दारांवर आकडे रंगवले, झालं लॉज! ते चालवतात वहिनी. म्हणजे चादरी, गरम पाणी, चहा, "मावशी, टॉवेल!", "मावशी, बटण दाबलं की ठिणगी उडतेय!", "मावशी, माझा एकच मोजा सापडतोय!"... अहो, धबधबा परवडला, तो निदान थंडीत गोठून गप्प तरी बसतो!

वहिनींचं माहेर सपाटीवरचं. सपाटी म्हणजे कसली सपाटी! गावातली सगळ्यात उंच जागा म्हणजे रस्त्यावरचा गतिरोधक. दादा मागणी घालायला गेला, त्यांच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्याकडं आहे काय?" आणि हा पठ्ठ्या म्हणतो, "तळं आहे." शेत नाही, दुकान नाही, तळं! आणि त्या सगळ्या बोलण्यात वहिनींनी तोंड उघडलं ते एकदाच. म्हणाल्या, "घरापासून लांब आहे का?" "छे हो! घराच्या मागंच!"

आता वाटाड्याचं 'मागंच' तुम्हाला ठाऊक नाही. घराच्या मागं डोंगर, डोंगराच्या मागं जंगल, जंगलाच्या मागं खिंड आणि खिंडीच्या मागं तळं. खोटं बोलला का? अजिबात नाही. मागंच की!

लग्न झालं, वहिनी म्हणाल्या, "अहो, जायचं ना?" "जाऊ की! तळं कुठं पळून जातंय?" मग वहिनींना दिवस गेले, मग लेक कडेवर, मग आमच्या आईनं अंथरूण धरलं, तिचं सगळं वहिनींनी केलं, अगदी शेवटपर्यंत, आणि आई गेल्यावर दादाला काय सुचलं? खोल्या काढायचं सुचलं! आणि तिथंच सगळं मुसळ केरात. कारण असं बघा, बर्फ वितळलं की वाट उघडते, आणि वाट उघडली की माणसं येतात. माणसं गेली, वहिनी मोकळ्या झाल्या, पदराला हात पुसत अंगणात आल्या, की वर बघावं तर खिंड पांढरी, वाट बंद! म्हणजे वाट मोकळी तेव्हा बाई अडकलेली, आणि बाई मोकळी तेव्हा वाट अडकलेली. दर वर्षी! आणि दर वर्षी त्या अंगणात उभ्या राहून खिंडीकडं अशा बघायच्या, जसं कुणी उतरून येणार आहे आणि चहा टाकायचाय.

आणि पाहुणे? "मावशी, तुमची मजा आहे बाई! रोज बघत असाल ना?" वहिनी आपल्या हसून म्हणायच्या, "तर काय!" पण वाढता वाढता कान टवकारलेले. एकाकडून रंग उचलला, दुसऱ्याकडून वारा, तिसऱ्याकडून काठावरची फुलं... आणि असं तळं उभं केलं मनात, की तुम्हाला सांगतो, रोज जाऊन येणारा मी, मी तोंडात बोट घालून ऐकायचो. दादाला विचारा, "कसं आहे तळं?" तर म्हणणार, "ओलं."

मग एका वर्षी एक गट आला, त्यात एक बाई होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज असा की मागच्या बाकावरचा उठून उभा राहावा. पण आल्या आणि सकाळी जिन्यातच गुडघा धरून बसल्या. गट गेला वर, बाई राहिल्या खाली. पुढचं मला वहिनींनीच मागाहून सांगितलं. वहिनी उशांचे अभ्रे बदलत होत्या, बाई खाटेवरून म्हणाल्या, "नशीब आमचं! एवढ्या लांब येऊन... सांगा तरी, कसं आहे हो?"

वहिनी म्हणाल्या, "सकाळी कोवळं हिरवं असतं. ऊन चढलं की निळं होत जातं. आणि वारा पडला ना, की पलीकडचं बर्फाचं शिखर उलटं होऊन आत उतरतं, पाण्याला धक्कासुद्धा न लावता."

बाईंनी डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "आणि तुम्ही कुठं बसता, तिथं गेल्यावर?"

झालं! आता हे कुठल्या पाहुण्यानं सांगितलेलं असणार? वहिनींच्या हातात अर्धी उशी अभ्र्यात, अर्धी बाहेर. म्हणाल्या, "मी... मी पाहिलेलं नाही हो."

रात्री जेवताना बाईंनी दादाला फर्मान सोडलं, "उद्या ह्या येतील तुमच्याबरोबर." दादा घास चावत म्हणतो, "येतील की कधीतरी. तळं कुठं पळून—" "तळं नाही हो पळत!" बाई कडाडल्या. "पाय पळतात! माझे बघा, गेले की नाही पळून?" दादाचा घास तिथंच. वहिनी घाईघाईनं, "अहो पण लॉज..." "मी बघते. आख्खी शाळा सांभाळलीय मी, चार खोल्यांचं काय घेऊन बसलात!"

सकाळी दुसऱ्या एका गटाबरोबर वहिनी निघाल्या. लेकीचे बूट, पुढं बोळे कोंबलेले. गल्लीतला काठ्या भाड्यानं देणारा म्हातारा रोज ज्यांना बघतो, त्यांनाच विचारतो, "पाहुण्या कुठल्या?" आणि तुम्हाला सांगतो, पहिल्या चढावर वहिनी अंगानं डोंगरात आणि जिवानं स्वयंपाकघरात! "भाऊजी, गॅस बंद केलाय ना?" "भाऊजी, पाऊस आला तर मागच्या चादरी?" पण जंगल लागलं आणि हळूहळू बोलणं विरत गेलं. वाटेवर गरम पाण्याचा झरा लागतो, तो बघितला, बूट काढून त्यात पाय सोडले. ज्या बाईनं जन्मभर लोकांना बादल्या भरून गरम पाणी दिलं, तिला डोंगर आपण होऊन गरम पाणी देत होता! उठेचनात.

आणि दादा! घरी हा माणूस 'हं' आणि 'वाढ' याच्यापलीकडं बोलत नाही. इथं बघावं तर, "मंडळी, हे झाड बघा, विजेनं दुभंगलंय, तरी दोन्ही अंगांनी पालवी धरतं हो!" वहिनी तोंडाकडं बघतच राहिल्या. हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता! पुढं ओढा आला. दादा एकेकाला हात देऊन पलीकडं घेतोय, "या सर, सावकाश. या मॅडम." वहिनींची पाळी आली. सवयीनं हात पुढं, "या मॅडम!" मॅडम! लग्नाच्या बायकोला! मी म्हटलं, आता काही खरं नाही. पण वहिनींनी हात धरला आणि अगदी पाहुण्यांच्या सुरात म्हणाल्या, "आले हं, काका!" आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की दगडावरून घसरून दोघंही गुडघाभर पाण्यात!

आणि मग खिंड. आणि खिंडीच्या मागं... मागंच!

 वहिनी कडेच्या एका सपाट दगडावर जाऊन बसल्या. वारा पडला होता. शिखर आत उतरलेलं. गट आपला खाली पाण्याकडं धावला. दादा उगाच पिशवीचे बंद सोडबांध करत उभा. शेवटी त्याच्यानं राहवेना, "अगं, कसं आहे?" वहिनी म्हणाल्या, "एवढं गप्प असतं होय?" बघा! इतक्या वर्षांत एकाही पाहुण्यानं हे सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? पाहुणे गप्प बसतील तेव्हा ना!

दादा शेजारी बसला. वहिनींनी पलीकडच्या कड्याकडं हात केला, "त्याच्या मागं काय आहे?" दादा म्हणाला, "आणखी एक तळं आहे म्हणतात. याच्याहून मोठं. तिथून म्हणे नुसते डोंगर दिसतात, एकामागं एक, नजर पुरत नाही."

"म्हणतात? म्हणजे तुम्ही..."

"मी कुठं पाहिलंय? अंधाराच्या आत माणसं खाली न्यायची असतात. रोज इथवर येतो, रोज त्या कड्याकडं बघतो... आणि फिरतो मागं."

आता, तुम्हाला सांगतो, जगात त्या क्षणी एकाच माणसाला दादाचं ते नेहमीचं वाक्य म्हणायचा हक्क होता. वहिनींना! आणि ओठ हललेसुद्धा. पण म्हणाल्या नाहीत. नुसत्या सरकून त्याच्याजवळ बसल्या. मग ती दोघं त्या कड्याकडं बघत राहिली, तळ्याच्या वरून, तळं समोर असून. इतकी वर्षं एकीला इथं यायचं होतं, दुसऱ्याला इथून पुढं जायचं होतं, आणि एका छपराखाली दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं!

तेवढ्यात मागून आवाज. गटातलंच एक जोडपं, फोन उंच धरलेला. "मावशी! काका! जरा बाजूला सरकता का, प्लीज? फोटोत मधे येताय, तळं झाकलं जातंय!"

सरकली दोघं. मुकाट्यानं सरकली. न सरकून सांगता कुणाला? डोंगर थोडाच सरकणार होता!