दुसऱ्या बाटलीतला काढा

सासरे : …धाकटीचं लग्न झालं, त्याच वर्षी. तुझ्या सासूची दाढ ठणकली आणि तिने कडुनिंबाच्या सालीचा हा काढा पहिल्यांदा उकळला.

सून : माहितीये, बाबा. जरा सरका. बाहेर शिंपी बसलेत, त्यांचं रूट कॅनाल आहे. आईंच्या काढ्याने दाढेची मुळं धुवायची, हा पहिलाच रुग्ण. संशोधन समितीची परवानगीसुद्धा आलीय.

सासरे : सरकतो. पण त्याची दाढ तू नेहमीच्या औषधानेच धू.

सून : का? आईंची दुसरी बाटली तपासली तेव्हा उपटलेल्या वीस दातांत एकही जंतू उरला नव्हता. अगदी नेहमीच्या औषधासारखं.

सासरे : कसा उरेल? त्यात तुझं नेहमीचं औषधच होतं.

सून : काय?

सासरे : निम्मं. त्या कपाटातलं, लाल झाकणाचं.

सून : म्हणून रंग फिका होता! तुम्ही म्हणालात, साल कोवळी आहे.

सासरे : तू डॉक्टर असून विश्वास ठेवलास.

सून : आणि वास?

सासरे : त्यासाठी लवंग घातली. मूठभर.

सून : दीड वर्षं काम केलंय मी यावर. आज सांगताय?

सासरे : मला वाटलं, कागदावरच राहील. कुणाच्या तोंडात जाईल असं वाटलं नव्हतं. आजचा काढा मी उकळलाय, त्यात काही घातलं नाही. शिंप्याच्या दाढेत जंतू राहतील.

सून : पण केलंत कशाला हे?

सासरे : पहिली बाटली नापास झाली, तेव्हा तुझी सासू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. साल मी आणली होती ना.

सून : नापास कुठे? दहातले सहा जंतू मेले होते. नुसत्या झाडपाल्याला ते पुष्कळ झालं.

सासरे : तिला दहातले दहाच लागायचे. तडजोड केली ती फक्त नवऱ्याच्या बाबतीत.

सून : बाबा, मला समितीला कळवावं लागेल. दुसऱ्या बाटलीचे आकडे खोडले जातील. आईंच्या नावापुढे सहाच राहतील.

सासरे : लिही सहा.

सून : त्यांना चाललं असतं?

सासरे : छे. दुसरी बाटली पास झाली, हे मी तिला रविवारी सांगितलं. तिने दोनदा सांगायला लावलं. मंगळवारी, सतरा मार्चला, सकाळी ती गेली.