गुंडा पैलवानाची जोड

शिराळ्याच्या एस्टीत अंकिताच्या पुढच्याच सीटवर वस्ताद आणि जत्रेतल्या कुस्त्यांची वेबसाईट करणारा दिग्विजय बसले होते. तिनं मोबाईलवरची गाणी बंद केली.

"एकशेदहा किलोचा गुंडा चाळीस किलोच्या आतल्या पोरांत घातलास?"

"वस्ताद, वेबसाईटवर गटांच्या याद्या लावणाऱ्या टेम्प्लेटला आधी नुसतं सारखं का वेगळं एवढंच कळायचं. मी लहान-मोठंबी शिकवलं."

"लय उपकार झालं."

"पण ते आकडं अक्षरावानी वाचतंय. एकशेदहातला पहिला एक चाळीसातल्या चारच्या आधी येतो, म्हणून एकशेदहा चाळीसपेक्षा लहान."

"व्हय रं. आमीच येडं, मैदानात नुसत्या नजरेनं जोड लावतो."

"आवं, घरी गेल्यागेल्या दुरुस्त करतो."

"घरी कशाला? गुंडा स्टँडवरच थांबलाय. म्हणतोय, पोरांच्यातच खेळायचं तर पहिली जोड दिग्विजयशी लावा."