होडीच्या वतीनं

—विलंब कसला हो साहेब, एका मिनिटाला काय विलंब म्हणतात? त्यासाठी कीवहून एवढ्या लांब धाडलं तुम्हाला? आणि कागदावर काय लिहिलंय, "कारण अज्ञात"? अज्ञात कशाला, मी बसलेय की ढळढळीत समोर! मी, मोत्र्या— आयुष्यभर ओडेसाच्या कोळ्यांच्या होड्या दुरुस्त केल्या, आता या बिनमाणसांच्या करते. आणि होडी सुटायच्या आधी सगळ्यांना खाली बसवते, तीही मीच. तुमच्या आईनं नाही बसवलं कधी? लांब निघायचं तर मिनिटभर बूड टेकायचं, गप्प राहायचं, मग उठायचं, म्हणजे माणूस सुखरूप परत येतो— बसवलं ना? मग! आता हिच्यात माणूसच नाही, नुसती स्फोटकं, तिच्या वतीनं बसायचं कुणी? होडीला बूड असतं साहेब, पण ते टेकता येत नाही! म्हणून आम्ही बसतो.

"तिला कुठे परत यायचंय?"— अगदी हेच म्हणाला आमचा ओरेस्त, तो पडद्यावर बघून होडी हाकतो ना, तो दीडशहाणा. शत्रूच्या जहाजावर आदळून फुटायचं तिनं, तिला कसला शकुन? म्हटलं बरं, नका बसू. त्या दिवशी नुसती चाचणी, होडी रिकामी— गेली शंभर हात आणि वळली की गर्रकन! थेट आमच्या अंगावर! ओरेस्त चिखलात पालथा! तेव्हापासून सगळ्यात आधी तोच बसतो. सुकाणूचा नट सैल झाला होता म्हणे. होतो हो कधीकधी, पाना लावून दोन आटे उलटे फिरवले की— म्हणजे, फिरवले कुणी तर. हे लिहू नका. लिहिलंत?

लिहा मग. मला काढून टाका. पण ते मिनिट काढू नका. माझा लुक्यान आघाडीवर निघाला ना, बाहेर गाडीचा भोंगा वाजत होता, म्हटलं बस रे जरा, तर म्हणाला आई, उशीर होतोय— आणि मीच म्हटलं, जा, जा. मीच म्हटलं. दोन वर्षं झाली, ना फोन, ना चिठ्ठी. होडी नाही आली परत तर नाही आली, जळो ती होडी! पण ती सोडली की ड्रोन येतात आम्हाला हुडकत, तेव्हा ही पोरं पळत घरी पोचायला हवीत ना? त्यांना बसवते मी.

तो बघा, ओरेस्तनं हात वर केला, होडी तयार आहे. तुम्हालाही आज कीवला जायचंय ना? मग पेन ठेवा खाली. त्या पेटीवर— हो, तिथेच. बस, बाळा. आता बोलायचं नाही—