उजवीकडं कोरडं राहिलं!

मंडळी, ऐका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस मेल्यावर जातं कुठं?

कोण म्हणालं स्वर्गात? अहो काका, पाहून आलात काय! आज स्वर्ग नको, मी तुम्हाला रेवाप्पा सणगराच्या अंगणात नेतो. उत्तर तिथंच आहे!

रेवाप्पा घोंगडी विणायचा. वय सत्तरीच्या पुढं, पण माग सुटला नव्हता. घोंगडीचं एक आहे. विणायच्या आधी लोकरीचा ताणा, म्हणजे उभे धागे, अंगणात दोन खुंट्यांना ताणायचा, आणि त्याला कुंच्यानं चिंचोक्याची खळ लावायची. खळ लागली तर धागा टिकतो. हे काम दोघांचं! एका बाजूनं रेवाप्पा, दुसऱ्या बाजूनं त्याची बायको गोजरा. आणि ती काय म्हणायची?

"अवो, उजवीकडं कोरडं राहिलं!"

चाळीस वर्षं, मंडळी, हेच! रेवाप्पा चिडायचा. "मला डोळे हायत!" म्हणायचा. मग बघायचा, तर उजवीकडं खरंच कोरडं! हसताय काय? तुमच्या घरी काय वेगळं आहे?

तर गोजरा गेली. चार दिवसांच्या तापानं गेली. तेरावा झाला, पाहुणे पांगले. चौदाव्या दिवशी सकाळी रेवाप्पानं ताणा ताणला आणि एकटाच खळ लावायला लागला. अर्ध्यावर आला, तर पलीकडून—

"अवो, उजवीकडं कोरडं राहिलं!"

कान वाजले म्हणावं, तर उजवीकडं हात लावून पाहिला. कोरडं! म्हातारा पुटपुटला, "लावतो गं बाई. मेलीस तरी सोडत नाहीस!" पण तोंडावर हसू, आणि डोळे भरलेले. तेव्हापासून तो रोज दोन कुंचे भिजवायचा. एक आपल्या हातात, एक पलीकडच्या दगडावर. का? तिचा कुंचा वाळला तर ती रागावेल ना!

हे पाहिलं सुनेनं. सुभद्रा नाव. पोर गुणी, पण घाबरट. रोज सकाळी सासरा मोकळ्या अंगणाशी भांडतोय! तिनं गुपचूप धुळोबा देवरुष्याला बोलावलं. आला तो! गळ्यात माळा, हातात नारळ, कपाळावर एवढा भंडारा की भुवया दिसेनात!

"म्हाताऱ्या, तुझी बायको अडकलीय. या नारळात बांधतो आणि ओढ्यापलीकडं सोडून येतो."

मंडळी, रेवाप्पानं हातातला कुंचा खाली ठेवला. एकदा तिला खांदा देऊन पोचवून आला होता. आता दुसऱ्यांदा? आणि खरंच गेली तर? उद्या पलीकडून कोण बोलणार? तो ताण्यापुढं हात पसरून उभा राहिला.

देवरुषी ओरडला, "बोल! कोण आहेस तू? काय पाहिजे तुला?"

रेवाप्पा म्हणाला, "ओरडू नका. ती परक्या माणसाशी बोलत नाही."

"मग तुझ्याशी काय बोलते?"

"उजवीकडं कोरडं राहिलं."

"आणखी?"

"बास. एवढंच."

देवरुषी वाकला. ताण्याच्या उजव्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कोरडं! तो बोटाकडं बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "सुनबाई, चहा ठेव." सुभद्रा आत गेली, तसा हा टेकला खाली, नारळ मांडीवर घेऊन.

"रेवाप्पा, खरं सांगू? माझी यमुना जाऊन सहा वर्षं झाली. मी दुसऱ्यांची भुतं काढतो, पण ती एकदाही आली नाही. तू काय करतोस, सांग की मला."

रेवाप्पानं विचारलं, "ती तुम्हाला काय म्हणायची?"

देवरुष्यानं माळ ओढली. डोकं खाजवलं. आभाळाकडं पाहिलं.

"बोलायची रे पुष्कळ. मी नुसतं हं-हं करायचो."

मृदंगबुवा, जरा हात थांबवा. हे वाक्य पुन्हा ऐका. बोलायची पुष्कळ, मी नुसतं हं-हं करायचो!

रेवाप्पाला त्याची दया आली. त्यानं तो नारळ घेतला, दगडावर फोडला आणि एक वाटी त्याच्या हातावर ठेवली. सुभद्रा चहा घेऊन आली. देवरुषी खोबरं चावत म्हणाला, "पोरी, या घरात भूत नाही, मुकादम आहे! तिला घालवलीस तर घोंगड्या बिघडतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावरचा कुंचा उचलला तो सुभद्रानं. पदर खोचला, पलीकडं उभी राहिली. रेवाप्पा खळ लावत आला. ती ताण्यावर वाकली आणि म्हणाली, "मामंजी, उजवीकडं कोरडं राहिलं."

म्हातारा बसला की हो खाली! हसून हसून बसला. "गोजरे, ऐकलंस का? आता दोघी झाल्या!"

तर माणूस जातं कुठं? ज्यानं ऐकलं, त्याच्या कानात जातं. ज्यानं हं-हं केलं, त्याच्याकडं यायला गेलेल्या माणसाला वाट कुठली?

आता तुम्ही घरी जाल. ती दारातच म्हणेल, "पाय धुऊन या." तो म्हणेल, "भाजीत मीठ जास्त झालं." बायांनो, हसू नका, हे तुम्हालाही आहे! उत्तर देऊ नका. नुसतं ऐका, आवाजासकट ऐका. देवाचं राहिलं ऐकायचं तर देव थांबतो हो, त्याला घाई नाही. घरचं माणूस थांबेलच असं नाही.

चला, देवाचं नाव मोठ्यानं घ्या. आणि शेजारी बसलंय त्याचं, मनातल्या मनात!