तारप्याकडे पाठ

डहाणूच्या एसटी स्टँडवर सरिता उधव्याच्या गाडीची वाट बघत होती. मागच्या बाकावर एक आजोबा आणि त्यांची नात येऊन बसली. आजोबांच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला तारपा होता. त्या वाद्याच्या भोपळ्याचं टोक तेवढं बाहेर दिसत होतं.

“आजा, शनिवारी तू आणि रॉकवाले एकाच स्टेजवर! मी दिवाळीपासून वाट बघतेय.”

“मी नाही येत.”

“आत्ता प्रॅक्टिसला तर मस्त वाजवलंस!”

“तो केसवाला गाणारा माझ्याकडे पाठ करून उभा होता. तारपा वाजताना कोणी पाठ करतं का, रूपी?”

“अरे, त्याला लोकांकडे बघून गायचं असतं.”

“आपल्या पाड्यावर एवढी माणसं नाचतात. मी वळलो की सगळी वळतात. एकाची तरी पाठ दिसते का मला?”

“थांब, फोनच करते त्याला.”

एक गाडी लागली. सरिताने पाटी वाचली. ती गंजाडची होती.

“आजा, तो तयार आहे. तुझ्याकडे तोंड करून गाईल. तू फिरलास की तोही फिरेल.”

“आणि त्याची ती माइकची वायर? पायात गुंतेल.”

“ती त्याची तो बघेल. आता येशील ना?”

“येईन.”

“मी पहिल्या रांगेत! तू वाजवायला लागलास की आपल्या दोघांचा सेल्फी काढणार.”

“सेल्फी काढताना तुझं तोंड कुठं असतं?”



“व्हिडिओ काढीन,” रूपी म्हणाली.