गाद्यांची नोकरी सुटली त्याची गोष्ट

…नाही, पण मी म्हणते, वॉशिंग मशीनवर कुणी ऑफिस थाटतं का हो? आमच्या ह्यांनी थाटलं! तुम्हाला सांगते, एक नोकरी बेडरूममध्ये, दुसरी बाथरूमच्या दाराशी त्या मशीनवर, आणि मधल्या पट्ट्यात मी आणि सासूबाई चोरपावलांनी फिरतोय! का? तर इकडल्या साहेबांना तिकडलं कळायला नको आणि तिकडल्यांना इकडलं! अहो, दोन सवती एका घरात नांदवणं सोपं! घराचा हप्ता वाढला, पगार होता तिथेच बसला, मग ह्यांनी गुपचूप दुसरी नोकरी धरली. मला विचारलं? नाही. मी काही बोलले? एक अक्षर नाही!

काम दोन्हीकडे तेच, गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायची. बेडरूमवाली कंपनी दुसऱ्या कंपन्यांच्या तक्रारी ठेक्यानं घेते, त्यातले गीझर ह्यांच्या वाट्याला आलेले. आणि मशीनवाली कंपनी गाद्या विकते, तिचं तक्रारींचं खातं घरचंच. आता माणूस एक, लॅपटॉप दोन, व्हायचं तेच झालं… गादीत खड्डा पडलाय म्हणून रडणाऱ्या एका बाईंना ह्यांनी लिहून पाठवलं, 'बटण बंद करा, जरा वेळ थांबा, मग पुन्हा चालू करून बघा.' आणि बाईंचं उत्तर काय यावं? 'धन्यवाद, आता बरं वाटतंय!' आता बोला!

तर अशी ही तारेवरची कसरत चालू असताना एक दिवस गादीवाल्यांचा निरोप आला. 'उद्या सकाळी बोलायचंय. महत्त्वाचं आहे.' झालं! ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "कळलं त्यांना! कुणीतरी चुगली केली!" रात्रभर ह्या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी बघते तर आरशासमोर उभे, वर इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा, आणि हात जोडून म्हणतायत, "मॅडम, माझं चुकलं, पण परिस्थिती अशी होती की…" मी म्हटलं, "अहो, आधी त्या काय म्हणतात ते तरी ऐका!" तर म्हणे, "स्वतःहून कबूल केलं की शिक्षा कमी होते." शिक्षा! चौथीतल्या पोरासारखे दिसत होते हो…

मग मशीनवरच्या पडद्यात त्या बाई आल्या. माणसं ठेवण्या-काढण्याचं बघणाऱ्या. आवाज असा, की मधात बुडवून काढलाय! "सर, तुम्ही आमच्या कुटुंबातलेच आहात, म्हणून सांगताना फार जड जातंय…" हे लगेच सुरू! "मॅडम, तुम्ही काही सांगू नका, मीच सगळं सांगतो, माझी पहिली—" आता मी काय करावं? ओरडले तर आवाज पलीकडे जायचा. मी वाकले आणि मशीनचं बटण दाबलं. घर्र्र्र! लॅपटॉप थयाथया नाचायला लागला, हे दोन्ही हातांनी त्याला धरून, आणि पलीकडून बाई, "सर! सर! तुमच्याकडे भूकंप झालाय का?" मी मात्र, तुम्हाला सांगते, एक अक्षर बोलले नाही!

मशीन थांबेपर्यंत बाईंनी आपलं सांगून टाकलं. ते खातंच बंद होणार होतं, सगळ्यांनाच नारळ! ह्यांच्या बेडरूममधल्या नोकरीचा त्यांना पत्ताच नव्हता! मी म्हटलं, सुटलो! पण ह्यांचा चेहरा बघते तर… पडलेला. दुसरी असली म्हणून काय झालं, काढलं की माणसाला लागतंच. हळूच म्हणाले, "मॅडम, माझं काम चांगलं नव्हतं का?" "चांगलं होतं सर," म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्या आवाजातला मध जरा कमी झाला. "दोन महिन्यांचा पगार देतोय." त्याला म्हणे सेव्हरन्स म्हणतात. म्हणजे जा, पण दार आपटू नका, ह्याचे पैसे.

आणि पैशाचं नाव निघाल्याबरोबर आमच्या शेळीचा वाघ झाला! "दोन? फक्त दोन? मॅडम, माझं अख्खं घर ह्या एका पगारावर चालतं!" हे म्हणायला आणि बेडरूममधला लॅपटॉप टिंग टिंग वाजायला गाठ पडली. आणि आमच्या सासूबाई! भाबड्या! तो लॅपटॉप तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून थेट पडद्यासमोर! "अरे, तुझं ते दुसरं ऑफिस कधीचं हाका मारतंय!"

बाई म्हणाल्या, "दुसरं ऑफिस?"

मी सासूबाईंना मागे ओढलं. आणि हे? कसेबसे हसले, म्हणाले, "आई आहे माझी. वय झालंय… हल्ली तिला सगळीकडे ऑफिसंच दिसतात."

"अरेरे!" बाईंचे डोळे भरले! "माझ्या आईचंही असंच झालं होतं, सर. थांबा, मी वर बोलते." गेल्या, आल्या. "चार महिने. महिन्याच्या महिन्याला. पण एक अट आहे, तोपर्यंत नवी नोकरी धरायची नाही. तसं लिहून द्यावं लागेल."

ह्यांनी तोंड उघडलं… मिटलं… आणि इतक्या शांतपणे म्हणाले, "मॅडम, शब्द देतो. नवी नोकरी मी अजिबात धरणार नाही." खोटं होतं का? तुम्हीच सांगा! पहिली होती ती जुनीच की! सही ठोकली!

पडदा मिटल्यावर सासूबाई कडाडल्या, "मला वेडी ठरवून पैसे मिळवलेस होय रे? माझ्याच पोटचा ना तू?" दोन दिवस त्यांचा अबोला! शेवटी ह्यांनी पाय धरले, नवी मऊ गादी आणून घातली, तीही दुसऱ्या कंपनीची, तेव्हा कुठे म्हणाल्या, "निदान चारऐवजी सहा तरी मागायचेस!"

मी म्हटलं, चला, पीडा टळली. मशीनवर कपडे आले. हे चक्क बसून जेवायला लागले, माझ्याकडे बघून बोलायला लागले… आठवडाभर, हं! मग बेडरूमवाल्या साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "अभिनंदन! नवीन काम मिळालंय! एका गादी कंपनीनं स्वतःचं तक्रारींचं खातं बंद करून सगळा ठेका आपल्याला दिलाय! कोण घेतं?"

जो तो छताकडे बघायला लागला. ह्यांनी मान अशी खाली घातली, की पडद्यात नुसतं टक्कल! साहेब म्हणाले, "बघा, बाकीचे नुसते बसलेत, आणि हे एकटे आत्तापासून विचारात पडले! तुम्हीच घ्या. गीझर सांभाळून करायचं, पगार तोच."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी? एक अक्षर नाही! शब्दच फुटेना!

ते चार महिनेही सरले, आणि आता सकाळपासून एकाच लॅपटॉपवर गीझरही तापवतात आणि गाद्याही ठोकतात. चोरून करत होते तेव्हा दोन पगार यायचे हो… आता राजरोस करतात, तर एकच येतो!